तोंडी परवानगी

पार्लरवाली जिना उतरून खाली आली ती दोन्ही हात पुढे धरूनच. तळहात लालबुंद, बोटांच्या पेरांवर भेगा, उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी.

"मावशी, बघा हे. डॉक्टर म्हणतात इसब आहे. पार्लरमधली रसायनं एकीकडे, घरचा साबण दुसरीकडे. पार्लर बंद केलं तर खायचं काय? म्हणून मग म्हणाले, निदान कपडे तरी हातानं धुऊ नका."

ताईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून हात नीट पाहिले. ती वर राहायला आल्याला दीड वर्ष झालं होतं. घरात ती आणि तिची आई, दोघीच. आईची डावी बाजू अर्धांगवायूनं गेलेली. रोज दोन चादरी आणि दोन-तीन गाऊन तरी निघायचेच धुवायला. वरच्या घरात पंखे होते, गीझर होता, भिंतीतली कपाटं होती. वॉशिंग मशीन मात्र नव्हतं, आणि ते ठेवायचं म्हटलं तर मागच्या गॅलरीत ना नळ होता ना पाणी जायला वाट.

"मालकांनी मशीन दिलं तर भाडं वाढवा, माझी काही ना नाही," ती म्हणाली. "नाहीतर मी माझं घेते. फक्त गॅलरीत नळ आणि पाइप काढायची परवानगी द्या. जाताना मशीन घेऊन जाईन."

"बारक्याला विचारते," ताई म्हणाल्या. "त्याचं घर आहे, त्याला विचारायला हवं."

बारक्या म्हणजे ताईंचा धाकटा भाऊ. वय पन्नास, वजन नव्वद किलो, औषधांच्या कंपनीत विक्री खात्याचा साहेब. पण घरात तो बारक्याच. वडिलांनी जाण्याआधी घर वाटून दिलं होतं, खालचा मजला ताईंना आणि वरचा बारक्याला. बारक्या बायकोमुलांना घेऊन आठ तासांच्या अंतरावरच्या शहरात कायमचा स्थायिक झाला, त्यामुळे वरच्या मजल्याचं सगळं ताईच बघायच्या. भाडेकरू शोधणं, टाकी साफ करून घेणं, गळके नळ, जळलेले फ्यूज. भाडं परस्पर बारक्याच्या खात्यात जायचं. "माझं काय जातंय, चार पायऱ्या तर चढायच्या," असं त्या म्हणत. पायऱ्या एकोणीस होत्या.

ताईंनी तेहेतीस वर्षं एका वकिलांच्या कचेरीत टायपिंग केलं होतं. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर "मार्जिन सोडायचं राहून गेलं" म्हणायच्या. त्या तेहेतीस वर्षांत भाड्याचे करारनामे किती टाइप केले याची गणती नव्हती. त्यामुळे एक गोष्ट त्यांना पक्की ठाऊक होती. मालक आणि भाडेकरू भाड्यावरून तेवढे भांडत नाहीत, जेवढे करारात नसलेल्या वस्तूवरून भांडतात. कुणी एसी मागतं, कुणी पाण्याचा फिल्टर मागतं. मालक तोंडावर "बघू, करू" म्हणतो, आणि वस्तू बिघडली, गळली, भिंत ओली झाली की दोघंही कानांवर हात ठेवतात.

म्हणून त्यांनी त्याच संध्याकाळी बारक्याला फोन लावला आणि मुद्द्यावरच आल्या.

"नीट ऐक. तू मशीन घेऊन दिलंस तर ते तुझं, दुरुस्ती तुझी, भाडं वाढव. तिनं घेतलं तर ते तिचं, दुरुस्ती तिची, जाताना ती घेऊन जाणार. काय करायचं ते सांग."

"तिचं तिला घेऊ दे. मला कशाला नसती डोकेदुखी?"

"गॅलरीची लादी फोडावी लागेल. नळ, पाइप, विजेची वेगळी लाइन."

"मग फोडू दे की. फक्त काम चांगल्या माणसाकडून करून घे म्हणावं, थातूरमातूर नको. आणि फोडतेच आहे तर सगळ्या गॅलरीलाच नवी लादी घालू दे. बाजूला एक दगडी ओटाही होऊन जाऊ दे. दिसायला बरं दिसेल."

"तो खर्च तिनं का करायचा?"

"अगं, वापरणार तीच ना? तू बोल तिच्याशी. तुझं ऐकेल ती."

"मग चार ओळींचं सहीचं पत्र पाठव. करारात अकरावं कलम आहे. मालकाच्या लेखी परवानगीवाचून घरात फेरफार नाही. मीच टाइप केलंय ते."

बारक्या मोठ्यानं हसला. "ताई, कचेरीतून रिटायर झालीस, आता तरी कचेरी सोड! मी हो म्हणतोय ना? तू तिथं आहेस म्हणजे मीच आहे. तुझा शब्द तो माझा शब्द."

खरं सांगायचं तर हे ऐकून ताईंना आतून बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्या वर गेल्या आणि सगळं सांगितलं. लादीचं आणि ओट्याचंही. पार्लरवालीनं मनातल्या मनात हिशेब केला असावा. जरा वेळानं मान हलवली.

"करते. आईला गॅलरीत बसायलाही होईल. लेखी काही मिळेल का, मावशी?"

"अगं, मी आहे ना," ताई म्हणाल्या.

काम आठ दिवस चाललं. प्लंबर आला, गवंडी आला, वायरमन आला. घरभर सिमेंटची धूळ. ताई गॅलरीच्या दारात स्टूल टाकून बसायच्या. गवंड्यानं उतार दाराकडे दिला तेव्हा त्यांनीच त्याला थांबवलं. "अहो, पाणी घरात आणायचंय का बाहेर घालवायचंय?" गवंड्यानं कपाळाला हात लावला आणि लादी पुन्हा उचलली. जुन्या लाद्यांचा ढीग मागच्या अंगणात भिंतीशी लावून ठेवला. मशीन आलं त्या दिवशी दोघा हमालांनी ते एकोणीस पायऱ्या चढवताना आठ ठिकाणी दम खाल्ला.

पहिल्यांदा मशीन लावलं तेव्हा पार्लरवालीच्या आईनं आपली चाकांची खुर्ची बरोबर त्याच्यासमोर लावायला सांगितली. गोल काचेआड चादरी घुसळत होत्या, फेस वर चढत होता. अर्धा तास आजी बघत बसल्या. "टीव्हीपेक्षा बरं आहे," त्या एका बाजूनं हसत म्हणाल्या, "मध्ये जाहिराती नाहीत."

दोन महिन्यांत पार्लरवालीचे हात निवळले. सुट्टीच्या दिवशी ती ताईंना वर चहाला बोलवायची. तिघी नव्या गॅलरीत बसायच्या. पार्लरमध्ये येणाऱ्या बायकांच्या गमती ती सांगायची. कुणाला नवऱ्याला कळणार नाही असा रंग हवा असतो, कुणाला फक्त नवऱ्यालाच कळेल असा. ताईंना वाटायचं, आपलं आयुष्य उतरणीला लागलं असताना ही माणसं मिळाली, बरं झालं.

एका रविवारी सकाळी बारक्या न कळवता आला. बरोबर एक जोडपं होतं, चाळिशीच्या आतबाहेरचं. "ओळखीतले आहेत," बारक्या म्हणाला. "इकडे काम होतं त्यांचं. म्हटलं, घर दाखवू." पार्लरवाली कामावर गेली होती, रविवारीच तिथं गर्दी असते. आजी एकट्या होत्या. ताईंनी खालून हाक मारून त्यांना सांगितलं आणि सगळ्यांना वर घेऊन गेल्या. एवढंच नाही, गॅलरीचं दारही त्यांनीच उघडलं.

"हे बघ, किती छान करून घेतलंय पोरीनं. उतार बघ, थेंबभर पाणी थांबत नाही."

बारक्यानं मोबाइल काढला. लादीचे फोटो काढले, नळाचे काढले, भिंतीवरच्या नव्या वायरीचे काढले. मग अंगणात उतरून जुन्या लाद्यांच्या ढिगाचाही काढला. ताईंना त्यात काही वावगं दिसलं नाही. आपल्या घराचं कौतुक कुणाला नसतं? ती बाई मात्र कपाटं उघडून बघत होती आणि ऊन कोणत्या बाजूनं येतं ते विचारत होती. ताईंनी मनात म्हटलं, काही माणसं असतात बाई चौकस.

खाली चहा झाला. निघताना बारक्यानं ताईंच्या खांद्यावर हात ठेवला. "तू आहेस म्हणून मला इकडची काळजी नाही, ताई."

बाराव्या दिवशी, भर दुपारी, पार्लरवाली आली. अंगावर पार्लरचा काळा एप्रन तसाच होता, त्याला कुणाचे तरी केस चिकटलेले. ताईंनी "बस ना" म्हटलं, पण ती बसली नाही. तिनं एक लांबट पाकीट पुढे केलं.

"वाचा."

ताईंनी कागद काढला. सवयीनं आधी त्यांच्या डोळ्यांनी टायपिंग पाहिलं. समास बरोबर होता, दुसऱ्या परिच्छेदात एक वेलांटी चुकली होती. मग हळूहळू अर्थ लागत गेला. बारक्याच्या वकिलाची नोटीस होती. अकराव्या कलमाचा भंग करून आपण मालकाच्या लेखी परवानगीवाचून गॅलरीत बेकायदेशीर फेरफार केले आहेत. सबब पंधरा दिवसांत घर रिकामं करावं, गॅलरी स्वखर्चानं पूर्ववत करून द्यावी, तोवर सदर जोडणीचा वापर करू नये. सोबत फोटो जोडले होते. आणि मग ते वाक्य होतं. ताईंनी ते दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा त्यांना वाटलं आपणच चुकीचं वाचलं.

"आमच्या अशिलांच्या भगिनी तळमजल्यावर राहतात. त्यांनी वेळोवेळी हरकत घेऊनही आपण सदर फेरफार केले, व ही बाब त्यांनीच आमच्या अशिलांच्या निदर्शनास आणली."

"तुम्ही हरकत घेतली होतीत?" पार्लरवालीनं विचारलं.

"मी? अगं, मी तर गवंड्याला उतार कसा द्यायचा ते..."

"तुम्ही काय केलंत ते मला माहीत आहे. मी विचारतेय, इथं हे काय लिहिलंय."

"खोटं आहे हे. काहीतरी घोटाळा झालाय. मी बारक्याशी बोलते."

"फोटो तुमच्यासमोर काढले त्यांनी. आई सांगत होती, तुम्हीच दार उघडून दाखवत होतात."

आपण काहीही बोललो तरी ते खोटंच वाटेल, हे ताईंना तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या वाक्यात नाव नव्हतं, पण तळमजल्यावर राहणारी बहीण दुसरी कोण असणार?

पार्लरवालीनं कागद परत घेतला, नीट घडी घातली. "रोज लोकांचे केस कापते मी, मावशी. केसानं गळा कापणं म्हणतात ते काय असतं, ते आज कळलं."

ती जिना चढून गेली. ताई दारातच उभ्या राहिल्या. पायाखालची जमीन सरकणं हे त्यांनी कितीदा तरी टाइप केलं होतं, वादींच्या जबाबांत.

बारक्यानं तीनदा फोन उचलला नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला उचलला.

"ताई, मनावर घेऊ नकोस. ते कागदापुरतं आहे."

"माझ्या नावावर खोटं लिहिलंस, आणि कागदापुरतं?"

"वकिलानं घातलं ते. म्हणाला, तिथं राहणारं कुणी साक्षीला असलं की बाजू भक्कम होते."

"मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस का?"

इतकं सरळ उत्तर येईल असं ताईंना वाटलं नव्हतं. पुढे बारक्याच बोलत गेला. मजला तो विकत होता. ते जोडपं घेणार होतं. त्यांना महिन्याभरात रिकामा हवा होता. करारानं जायचं तर भाडेकरूला दोन महिने द्यावे लागले असते. कराराचा भंग झाला असेल तर पंधरा दिवस पुरत होते. "आणि खरं सांगू का, गॅलरी बघूनच त्यांचं पक्कं झालं. बाईंना फार आवडली. पूर्ववत करा वगैरे नुसतं घाबरवायला, लादी कोण उखडू देतंय."

"म्हणजे सगळ्या गॅलरीला लादी घालू दे म्हणालास, तेव्हाच तुझ्या मनात विकायचं होतं?"

"माणसाच्या मनात बरंच काही असतं गं."

"आणि तू मला दिलेला शब्द?"

"मी कुठं काय लिहून दिलंय?" बारक्या म्हणाला. मग जरा मऊ आवाजात, समजूत घालावी तसं, "तूच तर नेहमी सांगायचीस ना, तोंडी बोलण्याला कोर्टात काडीची किंमत नसते म्हणून."

ताईंनी फोन ठेवला. त्यांना त्याच्या पहिल्या नोकरीचा अर्ज आठवला. तो त्यांनीच टाइप केला होता, जेवणाच्या सुट्टीत, साहेबांच्या परवानगीनं, सहा प्रतींत. "प्रामाणिक व मेहनती" हे शब्द त्यांनी स्वतःच्या मनानं घातले होते. बारक्यानं ते वाचून विचारलं होतं, "हे कुणाबद्दल आहे?" आणि दोघं खूप हसले होते. तेव्हा तो विनोद वाटला होता.

पुढचे दोन दिवस त्यांनी काहीच केलं नाही. वर मशीनचा आवाजही येईनासा झाला. जोडणी वापरू नये असं नोटिशीत होतं, आणि उद्या तेही आपल्यावर उलटेल या भीतीनं पार्लरवालीनं मशीनचं बटण बंद ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातून कपडे आपटल्याचा आवाज आला. धप्, धप्, थोडं थांबून पुन्हा धप्. थांबणं हातांसाठी होतं हे ताईंना न बघताही कळलं. त्यांनी भाजी चिरायची सुरी खाली ठेवली, पिशवी घेतली आणि बाहेर पडल्या.

कोर्टाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात एक बाई अर्ज टाइप करून द्यायची. "सांगा, मावशी," ती म्हणाली.

"सांगत नाही. तू जरा सरक," ताई म्हणाल्या आणि स्वतःच बसल्या.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा त्यांना तोंडपाठ होता. मी खाली सही करणार सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की. फोन कोणत्या तारखेला झाला, किती वाजता, ते मोबाइलमधून बघून लिहिलं. बारक्या काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहिलं, लादी आणि ओट्यासकट. मी कधीही हरकत घेतलेली नाही, उलट काम माझ्या देखरेखीखाली झालं, हे लिहिलं. त्यानंतर त्यांची बोटं थांबली. दुकानातली ती बाई खुर्चीमागून वाचत होती. ताईंनी आणखी एक ओळ घातली. "लेखी परवानगी घ्यावी असे मी सुचविले होते, परंतु तसा आग्रह मी धरला नाही व भाडेकरूला माझ्या शब्दावर विसंबून राहण्यास सांगितले, ही माझी चूक आहे."

नोटरी त्यांना जुन्या ओळखीनं ओळखत होते. त्यांनी कागद वाचला, चष्म्यावरून वर बघितलं.

"बाई, हा तुमचा सख्खा भाऊ ना?"

"हो."

"हे एकदा बाहेर पडलं की परत घेता यायचं नाही. घरी जा, शांतपणे विचार करा."

"दोन दिवस तेच केलं," ताई म्हणाल्या. "शिक्का मारा."

एकोणीस पायऱ्या चढून त्या वर गेल्या तेव्हा धाप लागली होती. पार्लरवाली ओल्या चादरीचं एक टोक आईच्या चांगल्या हातात देऊन दुसरं टोक पिळत होती. तिचे पंजे पुन्हा लाल झाले होते. तिनं हात पुसले, कागद घेतला आणि उभ्यानंच वाचला. आजी दोघींकडे आळीपाळीनं बघत होत्या.

"बरं झालं दिलंत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर ताईंना सोपं गेलं असतं. "मी त्यांच्या वकिलाला पाठवते."

"तुला पूर्ण दोन महिने मिळायला हवेत. लादी उखडायची काही गरज नाही. मशीन तुझंच आहे."

"हो, लिहिलंय यात." तिनं कागद टेबलावर ठेवला. "पण मावशी, हाच कागद तेव्हा दिला असतात, चार ओळींचा, तर आज भावाविरुद्ध एवढं मोठं लिहावं लागलं नसतं. मी विचारलं होतं तुम्हाला, लेखी काही मिळेल का. तुम्ही म्हणालात, मी आहे ना."

चहाचं कुणी विचारलं नाही, आणि ताई खाली आल्या.

आठवड्याभरात बारक्या आला. या वेळी एकटाच. आत येऊन तो थेट स्वयंपाकघरात शिरला.

"परक्या बाईसाठी सख्ख्या भावाच्या तोंडाला काळं फासलंस! वकील म्हणतो, आता ही नोटीस टिकणार नाही. ते लोक म्हणतायत, भांडणातली जागा आम्हाला नको. माझं सगळं जुळत आलेलं तू मोडलंस."

"काही मोडत नाही. दोन महिने थांबा म्हणावं त्यांना. बाईंना गॅलरी आवडलीय, थांबतील."

"तू माझ्याविरुद्ध शपथेवर लिहिलंस, ताई!"

"तू माझ्या नावावर खोटं लिहिलंस. मी माझ्या नावावर खरं लिहिलं. तुझं मला न विचारता होतं, माझं तुला न विचारता. बाकी काय फरक?"

बारक्यानं ओठ घट्ट मिटले. लहानपणी मार खाल्ल्यावर तो असाच दिसायचा, आणि ताई लगेच विरघळायच्या. त्यांनी चहाचं आधण ठेवलं होतं. या वेळी त्यांनी भावाकडे पाठ केली. बारक्या म्हणाला, "या घरात आता माझं कुणी नाही," आणि चहा न घेता गेला. दोघांसाठी ठेवलेलं पाणी बराच वेळ उकळत राहिलं.

नोटीस मागे घेतली गेली. दोन महिन्यांचं साधं, कायदेशीर पत्र आलं, त्यात ताईंचा उल्लेख नव्हता. पार्लरवालीनं सातव्या आठवड्यातच पार्लरजवळ तळमजल्यावरची जागा शोधली. जायच्या दिवशी पुन्हा दोन हमाल आले आणि मशीन उतरवून घेऊन गेले. तिनं गॅलरीतल्या नळाला टोपी लावली होती, पाइपचं तोंड बंद केलं होतं, ओटा पुसून ठेवला होता. आजींना खुर्चीसकट खाली आणायला ताईंनीही हात लावला. गाडीत बसल्यावर आजींनी चांगला हात हलवला. पार्लरवाली "येते" म्हणाली. नवा पत्ता तिनं सांगितला नाही आणि ताईंनी विचारला नाही.

ते जोडपं खरोखरच थांबलं होतं. पुढच्या महिन्यात ते वर राहायला आले. बाई बोलघेवडी होती, मनानं वाईट नव्हती. आठवडाभरानं ती ओळख करून घ्यायला खाली आली. बसली, पाणी प्यायली आणि मग तिची नजर भिंतींवरून फिरायला लागली.

"ही मधली भिंत काढता येईल ना? भार नाहीये तिच्यावर. हॉल केवढा मोठा होईल. अर्थात आत्ता नाही हो, दोन वर्षांनी."

"दोन वर्षांनी काय?" ताईंनी विचारलं.

"तुम्ही भावाकडे राहायला जाल तेव्हा." बाई हसत होती. मग ताईंचा चेहरा बघून तिचं हसू थांबलं. "म्हणजे... ते म्हणाले, ताईंचं वय झालं, दोन वर्षांत त्या आमच्याकडेच येणार. मग खालचा मजलाही तुम्हालाच. म्हणून तर आम्ही वरचा घेतला. नुसता वरचा आम्हाला लहानच पडतो. त्यांनी शब्द दिलाय आम्हाला."

"काही लिहून दिलंय?"

"नाही. तोंडीच."

ताईंना हसावं की रडावं ते कळेना. शेवटी त्या उठल्या, आतून वडिलांच्या मृत्युपत्राची प्रत आणली आणि बाईच्या मांडीवर ठेवली. तळमजला कुणाच्या नावावर आहे ते तिला बोटानं दाखवलं. "मी कुठंही जाणार नाही," त्या म्हणाल्या. "त्यानं मला कधी बोलावलेलंही नाही." बाईचे कान लाल झाले. तिचीही फसवणूकच झाली होती. त्या क्षणी ताईंना तिची कीव आली आणि स्वतःची जरा कमी आली.

आपल्याला घराबाहेर काढून घराची किंमत ठरवून झाली होती. कधी? तो रविवार? खांद्यावर हात ठेवला तेव्हा? की त्याही आधी, फोनवर "तू तिथं आहेस म्हणजे मीच आहे" म्हणाला तेव्हा? दिवसभर त्या मागे मागे जात राहिल्या, आणि खरी सुरुवात कुठली ते काही सापडेना.

संध्याकाळी त्यांनी बारक्याला पत्र लिहिलं. हातानं, कोऱ्या कागदावर. तळमजला माझा आहे, माझ्या हयातीत त्याबद्दल कुणाशी बोलायचा तुला अधिकार नाही. जे बोलला असशील ते मागे घे. मग एकच प्रश्न लिहिला. "मी म्हातारी झाल्यावर तू मला खरंच घेऊन जाणार होतास का, की तेही तोंडीच होतं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते रजिस्टर करून पाठवलं. पाचव्या दिवशी पोचपावती परत आली. तिच्यावर बारक्याची सही होती, ठसठशीत, तारखेसकट. उत्तर आलं नव्हतं. त्यानंतरचे आठ दिवस पोस्टमन यायच्या वेळेला ताई दारात येऊन उभ्या राहिल्या. नवव्या दिवशी राहिल्या नाहीत.